ताईंनी सरळ केलेला चावा

ताईंच्या हाताखालून चूक सुटत नाही, असं शहरातले दातांचे डॉक्टर म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे. त्या बिचाऱ्यांना कुठं ठाऊक होतं, की त्यातल्या निम्म्या चुका त्यांच्या स्वतःच्याच असायच्या!

ताई दात करतात. दातांच्या डॉक्टर नव्हेत हं त्या. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, आणि त्या मापावरून कवळी, दातावर चढवायची टोपी, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी पट्टी, जे काही लागेल ते ताई आपल्या टेबलावर घडवतात. चौतीस वर्षं झाली. जिन्याला लागून एक लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर मेण वितळवायचा दिवा, पॉलिशची मोटार आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. नवीन माणूस आत आला की दारातच थबकतो. ताई म्हणतात, "या, या, चावत नाहीत ते."

माणूस भेटला की ताई आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग डोळ्यांकडे. भाजीवाली हसली तरी यांचं लक्ष तिच्या वरच्या सुळ्यावर. लग्नाचं त्यांचं राहूनच गेलं, आणि त्याबद्दल कुणी हळहळू लागलं की ताई शांतपणे विचारतात, "तुमची ती मागची दाढ दाखवलीत का हो कुणाला?" समोरचा हात गालावर ठेवून गप्प.

आता त्या चुकांचं सांगते. डॉक्टर मापासोबत मेणाचा एक तुकडा पाठवतात. पेशंटनं तो दातांत धरून चावायचा, म्हणजे वरच्या जबड्यावर खालचा नेमका कुठं बसतो ते कळतं. पण खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला 'चावा' म्हटलं की तो गडबडतो आणि हनुवटी पुढं काढतो. डॉक्टर घाईत. तो चुकीचा चावा तसाच ताईंकडे येतो. दुसरा कुणी असता तर फोन करून म्हणाला असता, 'साहेब, परत घ्या.' ताई नाही. त्या प्लास्टरचे दोन्ही जबडे हातात घ्यायच्या, दातांवरच्या झिजेच्या खुणा एकमेकींत बसवायच्या, कट्‌ आवाज आला की झालं. मेण डब्यात. डॉक्टरांना अवाक्षर नाही. कशाला उगाच कुणाचा पाणउतारा करायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. यात ताईंचा चांगुलपणा होता, आणि खरं सांगायचं तर ऐटही होती. चौतीस वर्षं कुणी 'बसत नाही' म्हणून काम परत आणलं नव्हतं.

या ताईंना एकच भाऊ. चौदा वर्षांनी धाकटा. तो पाच वर्षांचा असताना आई गेली, आणि पुढच्याच वर्षी वडील. तेव्हापासून त्याचं दूध, दप्तर, ताप, परीक्षा सगळं ताईंनी केलं. केलं म्हणजे जमेल तसं केलं. एकदा त्याला शाळेचा शर्ट शिवला, तर एक बाही चार बोटं आखूड झाली. पोरानं तो दोन वर्षं घातला. हात थोडा वाकवून चालायचा, म्हणजे बाह्या सारख्या दिसतील! ताईनं केलंय ना, मग ते चांगलंच आहे, हा त्याचा धर्म. मोठा झाला, लग्न झालं, मुलगी झाली, तरी त्यात बदल नाही. दोघांची बिऱ्हाडं समोरासमोर, मध्ये दीड हाताचा व्हरांडा.

धाकटा क्रेन चालवतो. उंच इमारती बांधताना डोक्यावर जी लोखंडी क्रेन फिरते ना, तिच्या काचेच्या केबिनमध्ये दिवसभर एकटा. खालचा माणूस वॉकी-टॉकीवरून सांगतो, 'घे, घे, हळू, थांब,' आणि हा टनभर लोखंड उचलून बरोबर सांगितलेल्या जागी ठेवतो. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला खालचा माणूस 'थांब' म्हणाला. क्रेन थांबेना. पुन्हा 'थांब.' लोखंडी तुळई हलत हलत माणसं काम करत होती त्या बाजूला निघाली. माणसं पळाली. चौथ्या हाकेला धाकटा जागा झाला.

कुणाला ओरखडाही आला नाही. पण हा पठ्ठ्या खाली उतरला, सरळ सुपरवायझरकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, मला झोप लागली होती." दुसरा असता तर मशीनवर ढकललं असतं.

मग तपासण्या झाल्या. छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून रात्रभर झोपवलं. निकाल आला: झोपेत याचा श्वास तासाला सव्वीस वेळा अडतो. जीभ आणि घसा मागे पडून वाट बंद होते, मेंदू दचकून जागा करतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. माणसाला वाटतं आपण आठ तास झोपलो. झोपतो कुठला! जिना चढल्यासारखं होतं रात्रभर. कंपनीनं सांगितलं, सहा महिने देतो. इलाज कर, तपासणीत पास हो आणि मग वर चढ. नाही जमलं तर क्रेन दुसऱ्याला, तू कायमचा स्टोअरमध्ये. आणि तोवर धाकटा स्टोअरमध्ये बसून हेल्मेट आणि हातमोजे वाटू लागला.

आधी त्याला हवेचं मशीन दिलं, नाकावर मास्क लावून झोपायचं. झोपेत तो ते ओढून काढायचा. सकाळी मास्क खाटेखाली आणि हा खाटेवर. दोन महिने असे गेले. मग झोपेचे डॉक्टर म्हणाले, दातांवर बसवायचं एक साधन असतं, ते करून बघू. वर एक, खाली एक अशा दोन पट्ट्या, बाजूला बारीक स्क्रू. माप घ्यायला त्यांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी माप घेतलं आणि काम कुणाकडे धाडलं असेल? ताईंकडेच.

ताईंना काय आनंद झाला! भावाचे दात त्यांनी दुधाचे असल्यापासून पाहिलेले. सोबत मेणाचा तुकडा होता, चिठ्ठी होती, 'चावा मेणाप्रमाणेच ठेवावा,' आणि छापील चार पानं जोडलेली. चार पानं ताईंनी न वाचता खिळ्याला अडकवली. चौतीस वर्षं कागद वाचून दात केले नव्हते त्यांनी. मेण जबड्यांमध्ये ठेवून बघतात तर काय, खालचा जबडा चांगला पाच-सहा मिलिमीटर पुढं आलेला! "अगं बाई," ताई स्वतःशीच हसल्या, "याला 'चावा' म्हटलं आणि यानं हनुवटी काढली पुढं. लहानपणीही असाच करायचा. आणि या पोरीला नवखेपणी कळलं नाही. वर चिठ्ठीही लिहिलीय!"

जबडे हातात घेतले, झिजेच्या खुणा जुळवल्या, कट्‌. मेण डब्यात.

पंधरा दिवस खपून त्यांनी ते साधन केलं. काचेसारखं स्वच्छ, कडा अशा गोल की जिभेला कळू नयेत. डॉक्टरीणबाईंनी फोन केला, "ताई, पेशंटला बसवायला माझ्याकडे पाठवा हं." ताई म्हणाल्या, "कशाला त्याला हेलपाटा? घरचाच आहे. मी बसवलं. तंतोतंत बसलंय." पलीकडून आधी नुसतं 'अं...' आलं. मग, "बरं, ताई. तुम्ही म्हणताय म्हणजे..." आणि फोन ठेवला गेला.

धाकट्यानं ते रोज नेमानं लावलं. ताई सकाळी व्हरांड्यात विचारायच्या, "कसं वाटतंय रे?" हा म्हणायचा, "एकदम झकास! लावलंय असं वाटतच नाही." वाटणार कसं? जबडा होता तिथंच ठेवणारं साधन ते, त्याचा त्रास होईल कशाला!

दीड महिन्यानं ते लावून पुन्हा तपासणी झाली. आकडा आला चोवीस. सव्वीसवरून चोवीस. झोपेचे डॉक्टर म्हणाले, "काहींना हे लागू पडत नाही. यांना नाही पडलं, असं दिसतंय." त्यांनी तसं फाइलवर लिहिलं. सहा महिन्यांतले जेमतेम दोन महिने उरले होते.

"जाऊ दे ताई," धाकटा म्हणाला, "हेल्मेट वाटणं हेही कामच आहे. कुणीतरी वाटायलाच हवं ना?" तोंडानं असं म्हणायचा, पण जेवायला बसला की पाण्याचा पेला दोन बोटांत धरून हळूहळू टेबलावरून सरकवायचा आणि मुलीच्या ताटाशी केसभर अंतरावर नेऊन थांबवायचा. आपण काय करतोय हे त्याला कळतही नसे. ताईंना ते बघवेना. उठून उगाच भांडी घासायच्या.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. भावजय मुलीला घेऊन बाजारात गेली होती. जेवून धाकटा कोचावर आडवा झाला तो तोंड उघडं टाकून झोपला. ताई शेजारी खुर्चीत बसून चष्म्याची दोरी शिवत होत्या. घोरणं त्यांना नवीन नव्हतं, व्हरांड्यापलीकडून रोज ऐकू यायचं. पण घोरणं थांबल्यावर काय होतं ते त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. छाती हलतेय, पोट ओढलं जातंय आणि आत हवा म्हणून जात नाही. ताई मोजू लागल्या. दहा. पंधरा. वीस. त्याचे ओठ काळसर दिसायला लागले.

सुई टाकून ताई उठल्या. हाका मारायचं, हलवायचं काही सुचलं नाही. त्यांच्या हातांना एकच गोष्ट येते, जबडा धरणं. त्यांनी दोन्ही बाजूंनी त्याचा खालचा जबडा धरला आणि पुढं ओढला. सूं करून हवा आत गेली. मग दुसरा श्वास, तिसरा, लहान पोराचा असतो तसा. ताईंनी हात सोडला. घुर्र, घुर्र, बंद. पुन्हा ओढला. मोकळा. तीनदा केलं त्यांनी. तिसऱ्यांदा जबडा पुढं धरलेला असताना त्यांनी सवयीनं त्याच्या दातांकडे पाहिलं, वरचे कुठं, खालचे कुठं. पाच-सहा मिलिमीटर.

हा चावा त्यांनी पाहिला होता.

"अगं आई गं," ताई म्हणाल्या. त्यांनी धाकट्याला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि धडपडत आपल्या कामाच्या खोलीत गेल्या. मेणाचा डबा टेबलावर उपडा केला. त्या ढिगातून तो तुकडा शोधला, धाकट्याच्या प्लास्टरच्या जबड्यांमध्ये ठेवला. खालचा जबडा पुढं येऊन उभा राहिला, आत्ता हातात होता अगदी तसाच. मग खिळ्यावरची चार पानं काढली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की जबडा मुद्दाम पुढं धरून ठेवायचा, म्हणजे घशातली वाट उघडी राहते. सगळा इलाज तोच.

ताईंना रडू आलं. चूक नव्हतीच तिथं. त्यांनीच ती घातली होती, आणि तीही अशी चपखल बसवून.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. डोळे पुसायच्या आधी त्यांच्या डोक्यात आलं, की आजच दुसरं करावं, मेणाप्रमाणे. त्याला म्हणावं, जुनं दे, हे जरा बरं केलंय. कुणाला काही कळायचं नाही. जबड्यांच्या नकलेसाठी त्यांनी वाडग्यात प्लास्टरही काढलं. पण फाइलवर 'लागू पडत नाही' असं लिहून गेलेलं होतं. खरं कारण सांगितल्याशिवाय तिसरी तपासणी कोण करणार? आणि किती पुढं ओढायचं, कधी थांबायचं, हे ताईंना कुठं माहीत होतं? त्यांनी प्लास्टर परत डब्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात हजर. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं केली. ताई उभ्याच राहिल्या. "डॉक्टर, तुमचं माप बरोबर होतं. चूक माझी आहे. मी तुमचा चावा सरळ केला." आणि मेण, जबडे, पानं सगळं टेबलावर मांडलं.

डॉक्टरीणबाईंनी मेण उचलून पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मी त्याला इथं बोलवायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "बसवताना बघितलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं. तुमचा अनुभव केवढा, म्हणून गप्प बसले." मग एकदम थांबून म्हणाल्या, "ताई, आजवर माझे किती चावे सरळ केलेत तुम्ही?"

"एकोणीस," ताई म्हणाल्या. "दोन वर्षांत. आणि... रागावू नका, पण त्यातले अठरा खरंच चुकले होते."

डॉक्टरीणबाईंना हसावं की रडावं कळेना. "मग मला सांगायचं नाहीत का हो? अठरा वेळा! मी शिकले नसते का?"

आपण समोरच्याची लाज राखतो असं त्या समजत होत्या. त्या मुलीचं शिकणंच आपण डब्यात टाकत होतो, हे त्यांना चौतीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या, आणि मग खुर्चीवर बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोरच झोपेच्या डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्या तपासणीचं ठरलं.

घरी धाकट्याला सांगणं त्याहून कठीण होतं. ताईंनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. धाकट्यानं मान खाली घातली. म्हणाला, "मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"फरक पडत नाहीय ते. ही रोज सांगायची, काल रात्रीही श्वास अडला म्हणून. सकाळी डोकं तसंच जड. पण तू एवढं जीव लावून केलंस, तुला कुठं सांगू, की..."

ताईंनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की भावजय दचकली. "गाढवा! मेला असतास ना! माझं मन राखायला मरणार होतास? आणि मी काय करणार होते त्या मनाचं?" आणि बेचाळीस वर्षांच्या त्या बाप्याला छातीशी धरून हमसून हमसून रडल्या. तोही रडला. भावजय म्हणाली, "मी गेले दोन महिने हेच सांगतेय, पण माझं ऐकतं कोण या घरात!" तेव्हा कुठं दोघं हसले.

नवं साधन झालं, मेणाप्रमाणे. बसवायला तो डॉक्टरीणबाईंकडे गेला, ताई बाहेर बाकावर बसून राहिल्या. दर चार दिवसांनी डॉक्टरीणबाई स्क्रूला एक वेढा द्यायच्या आणि जबडा अंगुळभरही नाही, केसभर पुढं जायचा. या साधनाचा मात्र त्रास व्हायचा. उशी लाळेनं भिजायची, सकाळी अर्धा तास दातांवर दात येत नसत, घास चावताना गाल दुखायचे. धाकटा विचारल्यावर सवयीनं 'झकास' म्हणायला तोंड उघडायचा, ताई डोळे वटारायच्या, मग हा म्हणायचा, "दुखतंय." ताईंच्या हाताला कानस घ्यायची खाज सुटायची. जरासं घासलं असतं तर त्याला आराम पडला असता. त्यांनी कानस भावजयीकडे नेऊन दिली. "लपवून ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

पाच आठवड्यांनी तपासणी झाली. तासाला पाच. डॉक्टरांनी कागदावर सही केली, कंपनीच्या डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला, मुदत संपायला चार दिवस होते. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, या अटीवर धाकट्याला क्रेन मिळाली.

तो वर चढला त्या दिवशी ताईंचं कामात लक्ष नव्हतं. एक कवळी पॉलिश करायला घेतली ती तीनदा खाली ठेवली. दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला, फोन वाजला. त्यांनी मोटार बंद केली.

"ताई, वरून बोलतोय. केबिनमधून."

"झोप येत नाहीय ना रे?"

"नाही गं. लख्ख जागा आहे. सकाळपासून सोळा वेळा माल चढवला. एकदाही 'थांब' दोनदा म्हणायला लागलं नाही कुणाला." मग म्हणाला, "पण डावीकडची मागची दाढ सकाळपासून ठणकतेय. रात्री ते साधन तिथं दाबतं."

"मग डॉक्टरांना फोन कर. मी हात लावणार नाही."

"करतो. आणि ताई, अजून एक सांगायचंय."

"बोल."

"तुझा चहा फार गोड असतो. मला नाही आवडत. तीस वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय."

"अरे चोरा! मग आजच कसं सुचलं?"

"आज मी इथं वर आहे ना," धाकटा म्हणाला. "तुझा हात पोचत नाही."

ताई हसू लागल्या. त्या हसण्याचं रडू कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही, आणि फोनवर तो 'ताई, ताई' करत राहिला.